थंड इंजिनाचं गाऱ्हाणं

"चावयेक हात लावू नको!" सगुण अंगणातूनच ओरडला आणि स्कूटर पुरती उभी न करताच विकायला काढलेल्या एसयूव्हीच्या बॉनेटवर तळहात टेकवून उभा राहिला. बॉनेट गारेगार होतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

जुनी पेट्रोल गाडी घ्यायची तर इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं, हे त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून पाठ केलं होतं. पहिल्या धुरातच सगळं कळतं. धूर निळा आला की समजावं, इंजिन तेल पितं. म्हणून तर त्याने आमोण्याहून निघून सकाळी सकाळी पार्से गाठलं होतं. त्याची आधीची गाडी वाळपईच्या भर बाजारात बंद पडली होती, आणि ती ढकलली होती त्याच्या मेव्हण्यांनी, लग्नाच्या कपड्यांत.

"परत माझ्या भावांका धक्को मारूक लागलो," बायकोने, देवकीने बजावलं होतं, "तर मी माहेराक जावन रवतलंय."

"फिरव चावी," सगुण गाडीच्या मालकाला, गौरेशला म्हणाला आणि सायलेन्सरमागे उकिडवा बसला.

"थांब!" गौरेशचे वडील भिकाजी नारळ घेऊन बाहेर आले. "गाडी दुसऱ्याच्या घरा जातली. राखणदार देवाक गाऱ्हाणा घालूक नको?"

गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घालायचं साकडं, म्हटल्यावर शेजारपाजार जमला. धूप पेटला. भिकाजी देवाला काय काय सांगत होते, शेजारी दर वाक्याला "व्हय महाराजा!" म्हणून गर्जत होते, आणि गौरेशने मधेच चावी फिरवली. सगुणसमोर धूरच धूर! त्यात गाडीचा किती आणि देवाचा किती, काही कळेना.

"परत सुरू कर!"

"आता इंजिन तापला मरे. फाल्या सकाळी ये."

त्या दिवशी सगुणला जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बॉनेट, तोच तळहात.

"तात्या, आज धूप नको," सगुण भिकाजींना म्हणाला. "गाऱ्हाणा काल झाला मां?"

"काल गाडी गेली खंय? परत घालूक होया!"

"मगे ता आधी आटपा. चावी मागसून."

सगुण पुन्हा उकिडवा बसला. गाऱ्हाणं संपेना, त्याचे गुडघे आखडले. लवकर आटपावं म्हणून तोही सगळ्यांबरोबर ओरडू लागला.

"बा देवा राखणदारा," भिकाजींनी डोळे मिटले, "आज ही गाडी ह्या दारातसून जाता रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"हिचा इंजिन तेल पिता, चढणीर हिका दम लागता, ह्या तुका ठावक आसा रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"पण ता ह्या गिऱ्हायकाक घरा पोचासर कळाक नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज सगुणचा होता.

गौरेशचा हात चावीवरच थिजला. "बाबा!"

"गप रव! देवाकडे खोटा बोलू?" भिकाजी भडकले. "काल पण ह्याच सांगितलंय. ह्येचो कान इंजिनात हुतो, तेका मी काय करू?"

इतक्यात सगुणचा फोन वाजला. देवकी होती. "इंजिन बरा तपासलात मां?"

"तपासला," गुडघे चोळत सगुण उठला. "चावी फिरवचीच लागाक नाय."