शेंडे भाऊजी घर बघतात

शेंडे भाऊजी घर बघायला निघाले की खिशात एक रिकामी स्टीलची वाटी ठेवतात. नळाला पाणी किती वेळ येतं, रजिस्ट्री कोणाच्या नावावर आहे, भिंतीला ओल आहे का, यातलं काही ते विचारत नाहीत. विकाऊ घराकडे रस्त्यावरूनच एक नजर टाकतात, शेजारच्या घराची बेल वाजवतात आणि दार उघडणाऱ्यापुढे वाटी धरतात. "थोडा जामन मिलेगा क्या?"

जामन म्हणजे विरजण. मुलांनो, तुमच्याकडे दही डब्यातच जन्माला येतं, म्हणून सांगते. दुधाचं दही व्हायला आधीचं चमचाभर दही लागतं. घरातलं संपलं की ते शेजारून आणायचं. मात्र ते शेजारी झाल्यावर मागतात, शेजार विकत घेण्याआधी नव्हे. भाऊजींना ही अडचण मान्य नाही. विरजण मिळालं तर वस्ती विचारात घ्यायची, नाही तर "सायडिंगले लावा!"

हा शब्द भिलाईच्या स्टील प्लांटातला. नको असलेली वॅगन बाजूच्या रुळावर ढकलून ठेवतात, ते सायडिंग. भाऊजींनी सगळी नोकरी क्रेनच्या केबिनमध्ये काढली, त्यामुळे कोणतीही वस्तू वरून बघून बाजूला ठेवायची त्यांना सवय आहे. जावयाचे सल्ले, बिनसाखरेचा चहा आणि लग्नातला बुफे त्यांनी माझ्यादेखत सायडिंगला लावले आहेत. स्कूटरवर अजून प्लांटचं पिवळं हेल्मेट घालतात. लग्नाला जाताना पायांत सेफ्टी शूज असतात. "आहेराचं कपाट पायावर पडलं म्हणजे?"

आमचं आणि त्यांचं क्वार्टर शेजारी शेजारी होतं. भिलाईच्या सेक्टरांत शेजारी निवडावा लागत नसे. क्वार्टर प्लांट द्यायचा, शेजारी त्याच्याबरोबर यायचा. आमच्या डावीकडे मल्याळी, मागे बिहारी, उजवीकडे शेंडे. आमची पसंती कोणी विचारली नव्हती, त्यामुळे नापसंती कळवायलाही जागा नव्हती. वर्षं छान गेली.

पण नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागतं. आम्ही वेळेवर जुनवानीला फ्लॅट घेतला. भाऊजी मुदत वाढवून घेत राहिले. अखेर येत्या होळीपर्यंत किल्ली परत करा, असं त्यांना बजावण्यात आलं. दिवाळी झाली तरी घराचा पत्ता नव्हता. लीलाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, काचबिंदूमुळे जेमतेम उजेड आणि सावली ओळखतात. अशा बाईला घेऊन हा माणूस ऐन वेळी कुठे जाणार, या काळजीने मीच त्यांना माझ्या गाडीतून घरं दाखवायला नेऊ लागले. (हो, गाडी अजून मीच चालवते. तुमच्या आईला सांगू नका.)

सुरुवात अर्थातच जुनवानीपासून केली. लिफ्ट, गार्ड, जनरेटर, सगळं व्यवस्थित. भाऊजींनी बेल वाजवली. जाळीच्या दाराआडून एक तरुण मुलगी म्हणाली, "अंकल, ऑनलाइन मंगवा लीजिए ना, दस मिनट में आ जाता है." आणि आतलं दारही लागलं.

"इथं माणसं नाही जी वहिनी, कुलपं राहून राहिली," भाऊजी लिफ्टमध्ये म्हणाले.

"मी इथेच राहते, भाऊजी."

"तेच तर म्हणून राहिलो."

बोरसीचं घर मला मनापासून आवडलं होतं. रुंद रस्ता, दवाखाना जवळ, आणि शेजारी मराठी कुटुंब. त्या बाईंनी हसून स्वागत केलं, पाणी दिलं, वाटी हातात घेतली.

"आडनाव काय म्हणालात?"

"शेंडे."

"अरे वा! कोणते शेंडे?"

"भिलाईचे."

"तसं नाही हो. मूळचे?"

"मूळचे भंडाऱ्याकडचे."

"ते झालं. पण म्हणजे..." बाईंना पुढचा शब्द सापडेना. भाऊजींनी त्यांची सुटका केली. "बौद्ध आहोत, ताई."

"हो का? छान, छान," बाई म्हणाल्या आणि वाटी अलगद परत आली. "काय झालं माहीत आहे का, नेमकं आज दहीच नाही घरात."

आतून कढीला दिलेल्या फोडणीचा वास येत होता.

मी गाडी सुरू केली. "बोरसीचं पाणी मात्र गोड आहे," मी म्हणाले.

"पाणी गोडच आहे," भाऊजी म्हणाले. "पण दही नाही लागत त्याच्यानं."

असं करत संक्रांत आली. एक दिवस भाऊजींचा फोन आला. आवाज इतका मोठा की मी मोबाइल कानापासून लांब धरला. "वहिनी, खुर्सीपार! बाई म्हणे, 'दूध कतका हे, बबा?' दूध किती आहे, हे विचारलं तिनं! नाव नाही विचारलं!"

खुर्सीपार! दाटीची वस्ती, अरुंद गल्ली, दारात उघडी नाली, दोनच खोल्या. चमचाभर दह्यासाठी माणसाने तिथे जायचं? मी तडक त्यांचं क्वार्टर गाठलं. भाऊजी स्वतःला दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. लीलाताई एकट्याच पलंगावर बसल्या होत्या. मी सगळा राग त्यांच्यावर काढला. दह्याचं इतकं वेड कुठे असतं का?

लीलाताई हसल्या. "यायले कुठं दही लागते, वहिनी? तोंडाले नाही लावत. लहानपणापासून."

"मग?"

"मागं डॉक्टरनं यायले छातीचं सांगितलं ना. तवापासून हेच चाललं. मी म्हटलं, कावून लोकायच्या दारी हिंडून राहिले? तर म्हणे, लीला, मी गेल्यावर तुले कोणाले तरी हाक मारा लागन. पहिल्यांदा मागाची लाज मी भोगून ठेवतो. दुसऱ्यांदा तू माग."

आमच्या जुनवानीच्या जनरेटरचे फायदे मी तिथेच सायडिंगला लावले.

रविवारी आम्ही तिघं खुर्सीपारला गेलो. घर मी म्हटलं तसंच होतं, किंबहुना थोडं वाईट. भाऊजींनी खोल्या बघितल्याच नाहीत. लीलाताईंना अंगणात उभं करून, हातात वाटी देऊन म्हणाले, "डाव्या हाताले भिंत धर. भिंत संपली का तिचं दार. जाय."

लीलाताई निघाल्या. हात भिंतीवरून सरकत होता, पाय जमीन चाचपत होता. वाटेत सायकल उभी होती, तिच्यावर त्या अडखळल्या. मी धावणार तोच भाऊजींनी माझ्यापुढे हात आडवा धरला. लीलाताई सावरून पुढे सरकल्या तरी तो हात त्यांनी खाली घेतला नाही.

लीलाताईंनी दार वाजवलं. फुलेश्वरी नावाची ती शेजारीण कणकेचे हात घेऊन बाहेर आली आणि ओरडलीच, "अकेल्ला काबर आय हस दाई? मोला बला लेते!" एकटी कशाला आलीस, मला बोलवायचं ना! तिने त्याच कणकेच्या हातांनी लीलाताईंचा दंड धरला आणि त्यांना आत नेलं.

बराच वेळ झाला तरी त्या बाहेर येईनात. आत भांडी वाजत होती. मग लीलाताईंचं हसू ऐकू आलं, मोठ्याने, तोंडावर पदर न धरता. आम्ही शेजारी असताना त्या अशाच हसत.

भाऊजी रिकाम्या घराच्या पायरीवर बसले होते. पिवळं हेल्मेट मांडीवर, पाठ त्या दाराकडे.

"चला, आपणही जाऊ आत," मी म्हणाले. "चहा होतोय वाटतं."

"तुमी जा, वहिनी," ते मान न वळवता म्हणाले. "मी जरा वेळ नाहीच आहे, असं समजा."