धुलाईखान्यावर जपानी रॉकची स्वारी

हुकूम जाहला की, धुलाईखान्यात जपानी रॉक नामे संगीताचे जे रण माजले, त्याची हकीकत जशी घडली तशी लिहून गुजरावी. त्यास, आज्ञा शिरसावंद्य मानून लिहितो. डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, आणि कानांनी ऐकले ते लिहिणे भागच पडले, कारण त्या दिवसांत कान झाकून काही उपयोग नव्हता. यात तिखटमीठ लावले असेल तर लिहिणाराच्या पांढऱ्या सदऱ्यास शाई लागो आणि ती कोणत्याही साबणाने न निघो. फौज किती, असे कोणी पुसेल, तर दोन बायका आणि एक पुरुष, पुरुषही धरला तर.

धुलाईखान्याचा मुलूख तीन खोल्यांचा. पुढे काउंटर, तेथे गिऱ्हाइकांची ये-जा. मधल्या खोलीत धुलाईची यंत्रे. आणि मागे इस्त्रीची खोली, ती सदोदित वाफेने भरलेली. या मुलखाचे तख्त खुद्द सासूबाईसाहेबांचे. त्यांनी इस्त्री हाती घेतली तर कॉलरीची काय बिशाद की दुमडेल! त्यांचे चिरंजीव गाडीवरून कपडे आणणे-पोचविणे या कामी नामजाद, स्वभावे तहाचे, घरात आवाज चढला की पेट्रोल भरावयास कूच करणारे. आणि चिरंजीवांच्या पत्नी सूनबाईसाहेब, काउंटर व यंत्रांच्या मुखत्यार, डाग काढण्यात तरबेज, आणि या सर्व अनर्थाचे मूळ.

सूनबाईसाहेबांस जपानी रॉकचा नाद कॉलेजात लागला तो सुटला नाही. 'म्हणजे ती कार्टूनमधली गाणी ना' असे कोणी म्हणावे आणि बाईसाहेबांची मर्जी खप्पा व्हावी. त्यांचे म्हणणे असे की, कार्टूनच्या दाराने आम्ही सगळेच आत आलो, त्यात लाज कसली, पण जन्मभर उंबऱ्यात का उभे राहावे? ज्या गाण्यात बास गिटार ऐकू येत नाही ते गाणे म्हणजे न धुता इस्त्री केलेला कपडा, हे त्यांचे ठाम मत. स्टुडिओत घासूनपुसून काढलेल्यापेक्षा लोकांसमोर वाजविलेले ऐकावे, त्यात गाणाराची धाप ऐकू येते आणि ती ऐकू आलीच पाहिजे. पहिल्या वेळी अर्थ धुंडाळू नये, आधी गळ्याची ओळख होऊ द्यावी. आणि शिफारशी त्या कापड पाहून करीत. रेशमी काम असेल तर चौघींचा एक ताफा होता, त्यातली गाणारी कानात सांगितल्यासारखी गाते, तो लावावा. ब्लँकेटे असतील तर रंगीत केसांच्या पाच जणांची पलटण, ज्यांचे केस पाहून न्हावी दिलगीर व्हावेत आणि ज्यांचे ढोल ऐकून यंत्रांनी लाजावे. परंतु जुना, हट्टी डाग असेल तर एकच इलाज, तिघांची फौज: गिटार, बास आणि ढोल. गातो तोही गिटारवालाच, चौथा माणूसच नाही, म्हणून कोणास कोणाच्या आड लपता येत नाही, आणि जो चुकला तो उघडा पडला. सूनबाईसाहेबांचा जीव या तिघांवर.

आता दुसरे दुःख लिहितो, त्यावाचून लढाईचे कारण कळणार नाही. सूनबाईसाहेब लग्न होऊन आल्या त्या दिवशी सासूबाईंस 'आई' म्हणावयाचे लाजेने राहिले. उद्या म्हणू, असे मनाशी ठरविले, आणि उद्याही राहिले. मग इतके दिवस लोटले की आता एकाएकी म्हणावे तर सगळे वळून बघतील, या भयाने ते राहूनच गेले. काम पडले की खोकावे, हँगर खुळखुळवावे, 'ऐकलं का' असे भिंतीस सांगावे, नाही तर चिरंजीवांकरवी निरोप धाडावा, ऐसे चालले होते. सासूबाईसाहेब सर्व जाणून होत्या आणि मनातून फार दुखावल्या होत्या. पण मागून घेतलेली हाक कसली हाक, म्हणून तोंडाने त्यांनी कधी मागितली नाही.

ऐसे असता यंत्रांच्या खोलीत एक फळी, फळीपाशी एकच प्लग, आणि त्या प्लगावर सासूबाईंचा रेडिओ परंपरेने बसलेला. तो दिवसभर हवामान सांगे, आणि धुलाईखान्यात तर बारमाही पाऊसच, म्हणून कोणी ऐकत नसे. एके सकाळी सूनबाईसाहेबांनी धीर करून रेडिओ खाली उतरविला आणि आपला नवा स्पीकर फळीवर चढविला. तोच मागून फर्मान निघाले की, मला हाक मारायला हिला तोंड नाही आणि परक्या पोरांची बोंबाबोंब मात्र माझ्या फळीवर, हे चालावयाचे नाही. रेडिओ बसेल, स्पीकर उठेल. सबंध दिवस सूनबाईसाहेबांचा त्या खोलीत जावयाचा, आणि गाणे गेले तर तेथे यंत्रांची घरघर आणि दोघींचा अबोला, याशिवाय काय उरणार होते?

मग चिरंजीवांस वकिलीवर पाठविले. ते चहाचा पेला घेऊन इस्त्रीच्या खोलीत दाखल जाहले, आणि चहा निवेपर्यंत खलबत चालले, आणि घाम पुशीत बाहेर आले ते तह घेऊन आले. कलम असे की, एक गाणे लावावे. आवडले तर स्पीकर राहील, न आवडले तर कपाटावरच्या बॅगेत जाईल आणि पुन्हा विषय निघणार नाही. इतके सांगून चिरंजीव पेट्रोल भरावयास गेले.

नवख्या माणसास पहिले गाणे कोणते ऐकवावे, या एका सवालावर चाहत्यांची आयुष्ये गेली आहेत. मऊ गाणे द्यावे तर ती फसवणूक, पुढे खरे ऐकले की माणूस म्हणेल मला सांगितले नाही. एकदम आडदांड द्यावे तर तो दारातूनच परत. सूनबाईसाहेबांनी रात्रभर कूस बदलली, चौघींचा ताफा काढला आणि ठेवला, पलटण काढली आणि ठेवली, आणि अखेर मसलत ठरली की आपला जीव जेथे आहे तेच द्यावे, हरलो तर निदान आपल्या माणसांसह हरू. म्हणून तिघांची फौज.

दुसरे दिवशी सकाळी, सासूबाईसाहेब इस्त्रीवर आणि सूनबाईसाहेब काउंटरवर असता, गाणे सुटले. त्याच समयी एक वकीलसाहेब काळा कोट टाकावयास आले. तोच स्पीकरातला गवई गरजला, 'हाना! हाना!' वकीलसाहेबांनी कोट छातीशी धरला आणि दोन पावले मागे सरून विचारिले की, कोणाला हाणावयाचे आहे? सूनबाईसाहेबांनी अदबीने कळविले की, जपानीत हाना म्हणजे फूल, बिचारा फुलाविषयी गातो आहे. त्यावर वकीलसाहेबांचा जबाब असा पडला की, आमच्या धंद्यात शब्दापेक्षा स्वर धरतात, आणि या स्वराला जामीन मिळणे कठीण. मग कोट काउंटरवर ठेवून, पावती न घेता, ते निघून गेले.

पुढे गाणे रंगात आले, ढोल शर्थीने लढला, आणि गवयाने मान मागे टाकून, घसा फाडून आरोळी दिली, 'आई! आई!' आणि काय सांगावे! मागच्या खोलीतून इस्त्री टेकविल्याचा आवाज आला, आणि सासूबाईसाहेबांची स्वारी पदरास हात पुशीत लगबगीने बाहेर आली. मुद्रा अशी प्रसन्न की कोणी पाहिली नव्हती.

"काय गं? हाक मारलीस?"

खोटे बोलावयास तीच वेळ होती. पण सूनबाईसाहेब चाहत्या जातीच्या, चुकीची माहिती त्यांस सोसवत नाही.

"मी नाही. तो."

सासूबाईसाहेबांचा चेहरा उतरला, तो इतका उतरला की सूनबाईंस स्वतःचा राग आला. मग थोरल्यांनी स्पीकराकडे पाहून पुसले की, तो कशाला मारतो आहे हाक? सूनबाईंनी खाली पाहत उलगडा केला की, त्यांच्या भाषेत आई म्हणजे प्रेम, आणि आईला ते हाहा म्हणतात.

"बरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "हसून का होईना, म्हणतात तरी."

सूनबाईसाहेब कपड्यांस चिठ्ठ्या लावीत राहिल्या. परंतु संध्याकाळी चिरंजीवांकरवी निकाल आला तो वेगळाच, की स्पीकर दुपारपर्यंत राहील, दुपारनंतर रेडिओ. कारण काय, तर गाणाऱ्या पोराचा आवाज फाटका आहे पण मनापासून ओरडतो.

त्या दिवसापासून नवाच प्रकार सुरू जाहला. गवयाने 'आई' म्हणावे आणि इस्त्रीच्या खोलीतून ओ यावी, 'आले रे, आले', किंवा 'थांब बाबा, बाही चालली आहे'. सासूबाईसाहेब हळूहळू मतेही देऊ लागल्या. मध्येच बोलत नाही आणि कामही सोडत नाही असा तो कोण, असे त्यांनी एकदा विचारिले, तो बास निघाला, आणि सूनबाईसाहेबांस गगन ठेंगणे जाहले. रंगीत केसांच्या पलटणीविषयी मात्र त्यांचे मत पडले की, पोरे गुणी आहेत पण केस धुऊन झोपत नसावीत. मुलूख अर्धा जिंकला होता आणि उरलेला आपल्या पायांनी चालत येत होता. तरी सूनबाईसाहेब सुखी नव्हत्या. ज्याची जन्मभर शिफारस केली त्या गवयाचाच त्यांस हेवा वाटू लागला. तो समुद्रापलीकडचा, ना ओळख ना पाळख, म्हणतो एक आणि अर्थ दुसरा, आणि त्याला मात्र लगेच ओ! मग त्या यंत्रांपुढे उभ्या राहून, गवयाने 'आई' म्हटले की त्याच्याच आवाजाखाली आपणही हळू म्हणून पाहत. म्हणता येत होते. पण गाणे संपले की तोंड पुन्हा मिटत असे.

आता मुख्य लढाई. ब्लँकेटांचा मोठा ढीग आला होता, चिरंजीव मोहिमेवर गेले होते, आणि फळीवर तिघांची फौज जोरात होती. तो मोठ्या यंत्राच्या दाराचा खटका निखळला, आणि दार उघडून साबणाच्या पाण्याचा लोंढा सुटला. सूनबाईसाहेबांनी दोन्ही हातांनी आणि एका गुडघ्याने दार दाबून धरले. यंत्र बंद करावयाचे बटण पलीकडच्या बाजूस, स्पीकर फळीवर, आणि हात सोडावा तर सारा मुलूख पाण्याखाली. खोकून भागणार नव्हते. हँगर तर पाण्यावर तरंगत काउंटरकडे कूच करीत होते.

तेव्हा सूनबाईसाहेबांनी, लग्न जाहल्यापासून प्रथमच, मोठ्याने हाक दिली, आई! आणि दुर्दैव पाहा, नेमका त्याच घटकेस गवईही तेच ओरडला. आतून निवांत उत्तर आले की, गा बाबा, गा, मला उशांचे अभ्रे उरकायचे आहेत. सूनबाईंनी पुन्हा हाक मारली. आतून हुकूम आला की, आज फारच लाडात आला आहे, आवाज जरा कमी करावा. आता पाणी पोटऱ्यांस लागले, आणि इतकी वर्षे तुंबून राहिलेली हाक एकदाची फुटली ती अशी:

"अहो आई! तो नाही, मी! मी बोलावतेय तुम्हाला!"

मग सासूबाईसाहेब आल्या, त्या अनवाणी, पाण्यातून, साडी सावरण्याचे भान न ठेवता आल्या आणि यंत्रासमोर उभ्या राहिल्या. पाण्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"काय म्हणालीस?"

"पाणी... खटका गेला..."

"ते नाही. त्याआधी."

सूनबाईसाहेबांच्या केसांतून फेस ओघळत होता, आणि गवई मागे घसा फोडीत होता. त्यांनी सासूबाईंकडे नीट पाहिले.

"आई," त्या म्हणाल्या.

"हं. आता सरक," असे म्हणून थोरल्यांनी पलीकडचे बटण दाबले, कंबरेचा एकच धक्का दाराला दिला, आणि यंत्र जागच्या जागी शरण आले. मग दोघी ओल्या फरशीवर टेकल्या. तोच मागून जळका वास आला. चाळीस वर्षांच्या राज्यात ज्यांनी कापडावर इस्त्री कधी पालथी सोडली नाही, त्या सोडून धावल्या होत्या. वास दोघींनाही आला, आणि बराच वेळ कोणीच उठले नाही.

या लढाईत उशीचा एक अभ्रा धारातीर्थी पडला. त्याची भरपाई करून देण्यात आली. वकीलसाहेबांचा कोट सुखरूप. पुढे तह जाहला तो असा की, फळी स्पीकराकडे कायम, रेडिओस इस्त्रीच्या खोलीत नवा प्लग, आणि मोठ्या यंत्रास नवा खटका. वरकड सासूबाईसाहेब आता गिऱ्हाइकांस सल्ला देतात की, नवखे असाल तर तिघांपासून सुरुवात करा. आणि गवई दिवसभर कितीही ओरडला तरी त्या ओ देत नाहीत. पण पुढच्या खोलीतून सूनबाईंनी, ढोल चालू असता, नुसते पुटपुटले तरी इस्त्री उभी ठेवून बाहेर येतात.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कोणाची, असे दोघींनाही पुसले. सूनबाईसाहेबांनी सासूबाईंकडे बोट दाखविले आणि सासूबाईसाहेबांनी सुनेकडे. चिरंजीव तेवढ्यात पेट्रोल भरावयास गेले, सबब त्यांची साक्ष नाही. जसे घडले तसे लिहिले. येथे लेखणी धुऊन वाळत घातली.