अण्णांची बॅटरी आणि बापूंचा दिवा

अण्णा मगदूम एसटीत बॅटरीला खिडकीची जागा द्यायचे आणि स्वतः शेजारी अंग चोरून, तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचे. तिचं अर्धं तिकीट काढायचे. सामान टपावर टाका असं एखादा नवा कंडक्टर म्हणाला, तर अण्णा अगदी शांतपणे त्याला विचारायचे, "तुमच्या आईला टपावर बसवतासा काय?" कंडक्टर अर्धं तिकीट फाडून पुढे सरकायचा. भरलेल्या बॅटरीतून गॅस निघतो आणि तो बाहेर गेला पाहिजे, म्हणून खिडकी, हे अण्णांचं शास्त्र. शास्त्र खरंच होतं, पण त्यासाठी एखाद्या बाईला पोरासकट उठवायची काही गरज नव्हती.

मंगळवार पेठेत आमच्या घरासमोर अण्णांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी घरी शिवणकाम करायचे, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येकाचं माप मला पाठ होतं. अण्णांच्या मापापेक्षा त्यांची भोकंच जास्त पाठ होती. ॲसिडचा थेंब उडाला की कपडा लगेच काही दाखवत नाही. धुऊन वाळत घातला की त्याची चाळण झालेली दिसते. अण्णांच्या पँटींना मी इतकी ठिगळं लावली, की शेवटी मूळ कापड कोणतं आणि ठिगळ कोणतं यावर आमचे वाद व्हायचे. एकदा वैतागून मी त्यांना स्कूटरच्या सीटचं रेक्झिन कापून जाडजूड एप्रन शिवून दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर एप्रन बॅटरीच्या अंगावर. बाहेर गारठा होता, आणि अण्णांचं म्हणणं पडलं की आपण काय, हातपाय हलवून ऊब आणू शकतो.

दुकानात बॅटऱ्या लाकडी पाटावर बसलेल्या असायच्या. जमिनीवर टेकवलेली अण्णांना चालायची नाही. गिऱ्हाईक आलं की अण्णा आधी झाकणं उघडून आत डोकवायचे आणि मग त्या माणसाकडे असं बघायचे, जसं डॉक्टर उशिरा आणलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतो. "पावणं, हिला शेवटचं पाणी कधी पाजलासा?" मिशा पिळत आलेले ट्रॅक्टरवाले तिथे शाळकरी पोरासारखे खाली मान घालून उभे राहायचे. त्यातला कुणी बिडी काढली, तर अण्णा ती त्याच्या तोंडातून उपटून गटारात टाकायचे. चार्जिंगच्या खोलीत ठिणगी म्हणजे थेट वैकुंठ, असं त्यांचं मत होतं, आणि वैकुंठात जायची त्यांना घाई नव्हती.

त्यांचे नियम ठरलेले. आधी जेवण, मग पाणी; म्हणजे बॅटरी चार्ज झाल्यावरच पाण्याची पातळी भरायची, आधी भरली तर चार्जिंगला लावल्यावर उतू जाते. सावकाश भरवायचं, घाई केली की पोट बिघडतं. नळाचं पाणी पाजायचं नाही. घरात जैन रीतीप्रमाणे पाणी गाळून प्यायचे, पण डिस्टिल वॉटरचा कॅन दाखवून अण्णा म्हणायचे की असलं सोवळं पाणी आमच्या आज्यानंसुद्धा बघितलं नव्हतं. आणि सगळ्यात मोठा नियम: रिकाम्या पोटी झोपवायचं नाही. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की आतून मरते. स्वतः अण्णा दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे व्हायचे, पण बॅटऱ्यांची पंगत रात्रभर चालायची.

यात भरडली जायची त्यांची बायको, सुमनवहिनी. तारा जोडायच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली की ती धुवायला खायचा सोडा लागतो. वहिनींनी भज्यांचं पीठ भिजवलं की सोड्याची डबी दुकानात सापडायची. थंडीत ओठांना लावायचं मलम टर्मिनलवर चोपडलेलं असायचं. वहिनी मला म्हणाल्या होत्या, की पुढच्या जन्मी बारा व्होल्टची होऊन येतो, म्हंजे तरी माझी विचारपूस व्हईल.

तर खिडकीत बसणारी ती बॅटरी कुठे जायची? कुरुंदवाडला. अण्णांचे धाकटे भाऊ बापू तिथे शेती करायचे. थोडं रान नदीपलीकडे, म्हणून घरची एक नाव होती. तिला डिझेल इंजिन, आणि वडील असताना अण्णांनी हौसेनं त्याला बटणावर चालू करायचा सेल्फ आणि पुढे एक दिवा बसवून दिला होता. बॅटरी त्यासाठी. दर महिन्याला अण्णा एक भरलेली बॅटरी घेऊन जायचे आणि एक उतरलेली परत आणायचे.

गंमत अशी, की या दोघा भावांचं बोलणं बंद होतं. कित्येक वर्षं. कारण विचारलं तर अण्णा कधी म्हणायचे गोठ्याच्या भिंतीवरून, कधी म्हणायचे बांधावरच्या आंब्यावरून. एकदाच, जरा हळू आवाजात म्हणाले होते, "सगळ्या पावण्यांच्या म्होरं मला गप बस म्हनला."

उतरलेली बॅटरी घेऊन परत आले की गल्लीत बापूंचा उद्धार सुरू व्हायचा. बघा, पार कोरडी करून ठेवली. दिवा चालू ठेवून घरला जातोय. जित्त्या जिवाला उपाशी मारतोय. हा माणूस न्हाय, कसाई हाय. वहिनी आतून ओरडायच्या की मग जाऊ नका. अण्णा म्हणायचे, मी काय त्याच्यासाठी जातोय? बॅटरीसाठी जातोय.

माझं माहेर कुरुंदवाडचंच. एकदा भाचीच्या बारशाला निघाले तर एसटीत अण्णा भेटले, बॅटरीसकट. उतरल्यावर मला म्हणाले, ताई, जरा घाटापर्यंत चला, पिशवी धरायला कुणीतरी पाहिजे. गेले. बापू नावेपाशी उभे होते. तोच चेहरा, तेच कान, फक्त कपड्यांना भोकं नव्हती.

दोघांच्या मध्ये हातभर अंतर, पण दोघंही बोलायला लागले माझ्याशी. अण्णा म्हणाले, "ताई, ह्यांला सांगा, दिवा बंद करत जावा म्हणावं." मी बापूंकडे वळले. त्यांनी अर्थातच ऐकलं होतं, तरी मी पूर्ण सांगेपर्यंत ते थांबले. मग मला म्हणाले, की त्यांला सांगा, ईसरतोय मानूस. पुढची पाच मिनिटं मी नुसती मान फिरवत होते. अण्णांनी बॅटरी जोडली, तारा घट्ट केल्या, सेल्फ मारून इंजिन चालू करून बघितलं, बंद केलं, आणि उतरलेली बॅटरी आम्ही आलो त्याच रिक्षात ठेवून ते हातपाय धुवायला घराकडे गेले. भावजयीनं त्यांचं जेवण करून ठेवलेलं असायचं. तिच्याशी भांडण नव्हतं.

मी चपलांचा चिखल काढत घाटावरच थांबले. बापूंना पलीकडून वैरण आणायची होती. ते नावेत चढले, कोपऱ्यातलं लोखंडी हँडल उचललं, इंजिनाला लावलं, चार वेळा गरागरा फिरवलं, आणि इंजिन धडधडायला लागलं. सेल्फला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. मग पुढे जाऊन त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. भर दुपार होती. ऊन असं, की डोळे उघडवत नव्हते.

मी म्हटलं, "बापू, दिवा लागलाय तुमचा."

"असू दे."

"अहो, बॅटरी उतरंल की. आणि हँडलनं इंजिन चालू होतंय, तर बॅटरी पाहिजे कशाला?"

बापूंनी घराच्या वाटेकडे एकदा बघून घेतलं. अण्णा दिसत नव्हते.

"न्हाई उतरली, तर त्यो कशाला यायचा हिकडं?" म्हणाले आणि नाव ढकलून निघून गेले. नदीच्या मध्यावर गेली तरी उन्हात तो दिवा पिवळा, फिक्का असा दिसत होता.

बारसं उरकून संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले तर अण्णा होतेच. शिरोळ गेलं तरी बापूंचा उद्धार चालू होता. कसाई झाला, वैरी झाला, आज्याचं नाव बुडवणारा झाला. मला राहवेना. मी दुपारी जे पाहिलं ते सगळं सांगून टाकलं. हँडलचं, दिव्याचं, बापू जे बोलले तेही.

 अण्णांनी बॅटरीचं झाकण उगीच घट्ट करून बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "ईसरून ऱ्हायलेल्या दिव्यानं बॅटरी एखाद्या बारीला उतरती. दर महिन्याला न्हाय. एवढं मला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलत का नाही त्यांच्याशी?"

"बोलाय लागलो की भांडतोय आम्ही." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "हे बरं चाललंय. तुमी त्याला सांगू नगा, मला कळलंय म्हणून. लाजंल त्यो."