आबांचं भुंकणं

पौर्णिमाला दुसरी सुई आज द्यायलाच हवी होती, आणि सरकारी दवाखान्यातल्या रंजीता सिस्टर सकाळपासून त्याच तयारीला लागल्या होत्या. सहा वर्षांच्या या पोरीला कुत्रं चावून तीन दिवस झाले होते. पहिल्या सुईच्या वेळी चौघांनी धरलं, तेव्हा तिनं शिपाई रामधनला असा कडकडून चावा घेतला, की कुत्र्यानं लाजावं.

मुलांना हसवत सुई कशी टोचावी, याचं प्रशिक्षण सिस्टर नुकत्याच वाशिमला घेऊन आल्या होत्या. त्यांनी हातमोजा फुगवून कोंबडा केला, स्वतःच आरवल्या.

"मले दिसून राह्यली सुई," पौर्णिमा म्हणाली.

"तुमच्यानं नाई होत, बाई. सरका," म्हणत तिचे आजोबा उकंडराव पुढे झाले. टोपी काढून ते चक्क चार पायांवर आले आणि भुंकू लागले. भुंकणं तरी कसलं! आधी गुरगुर, मग विचकलेले दात, मग थेट रामधनच्या पोटरीवर झेप.

कुत्र्याच्या सुईच्या रांगेत असले चाळे करू नयेत, पण म्हाताऱ्याला सांगणार कोण? रांगेतल्या हिरीबाईनं बोंब ठोकली, "पया रे! बुढा पिसाळला!" अर्धी रांग बाहेर पळाली, उरलेली बाकांवर चढली. रामधन तर कपाटावर जाऊन बसला. पौर्णिमा हसून हसून वाकडी झाली, आणि तेवढ्यात सिस्टरनी दंडात सुई टोचून वर कापूसही दाबला. पोरीला पत्ताच नाही.

सिस्टरना आनंदानं रडूच आलं. "काय भुंकता हो बाबा! हुबेहूब! शिकले कुठं?"

"असंच," उकंडराव घाईघाईनं टोपी घालत म्हणाले. "चाल वं पौर्णिमा, यष्टी सुटते."

"त्या कुत्र्यापासूनच शिकले," पौर्णिमा अभिमानानं म्हणाली. "मले सोडवाले गेले, तं त्याइलेच जास्त चावलं. सुईच्या भेवानं कोनाले सांगतलं नाई."

सिस्टरनी तिथंच उकंडरावांना पायजमा वर करायला लावला. पोटरीवर हळद थापलेली, खाली चार दातांच्या खुणा स्पष्ट.

"बाबा, जीव जातो यानं! काहून लपवलं?"

"मरन परवडलं बाई, पन सुई नोको," म्हणत म्हातारा दाराकडे सरकला.

पण पौर्णिमा त्याच्याआधी पोचली. तिनं टाचा उंचावून कडी लावली आणि कपाटाकडे पाहून हाक मारली, "काका, उतरा खाली, धरा याइले. भेऊ नोका. आबा नुसते भुंकते, चावत नाई."