भाईंदरी नाव अडले, ते मिनल वहिनीसाहेबांनी सोडविले, त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदून, शके १९२८ व्ययनाम संवत्सरी, वैशाख शुद्ध तृतीया, रविवारी भाईंदर पूर्व मुक्कामी जे रण माजले त्याची ही हकीकत. ऐकीव गोष्टी गाळून, घडले तेच लिहिले आहे. समोशांवरून पुढे जो तंटा जाहला, तो वेगळा.

मिनल वहिनीसाहेबांनी फोर्टातली नोकरी सोडून घरीच संगणक मांडिला आणि संकेतस्थळे बांधण्याचा कारखाना काढिला. सासूबाई विमलाबाईसाहेब, मूळ मुलूख रत्नागिरी, मिजास करडी, त्यांस हा उद्योग बिलकूल रुचला नाही. त्यांचा हुकूम जाहला की, कोकण वधूवर मंडळाचे संकेतस्थळ हे पहिले काम. ते चारचौघांत फत्ते जाहले तर कारखाना चालवावा, न जाहले तर सोमवारची महाराष्ट्र दिनाची सुट्टी भोगून मंगळवारी जुन्या साहेबापुढे हात जोडून उभे राहावे. त्या साहेबाचे तोंड आठवले, तरी वहिनीसाहेबांनी हुकूम शिरसावंद्य मानिला.

मंडळाचे अध्यक्ष पंढरीनाथराव, निवृत्त हेडक्लार्क, यांनी दुसरे फर्मान काढिले की, मुहूर्त अकरा चाळीसचा, आणि अंतरपाट दूर होण्याआधी जैसे नवरीचे तोंड पाहू नये, तैसे मुहूर्ताआधी संकेतस्थळाचे दर्शन कोणी घेऊ नये. आता संगणकाच्या राज्यात नावास कोणी पुसत नाही, अंकच चालतात. म्हणून जागोजाग नेमसर्व्हर नामे दफ्तरदार बसविले आहेत, ते नाव ऐकून अंक सांगतात, आणि नोंद नसल्यास नाही म्हणतात. संकेतस्थळ आठ दिवस तयार होते, परंतु फर्मानास मान देऊन वहिनीसाहेबांनी नावाची नोंद रोखून धरिली आणि ऐन दिवशी अकराच्या ठोक्याला केली.

मग नवघर रस्त्यावरील सभागृही दोनशे असामी जमा जाहली, विमलाबाईसाहेब पुढल्या खुर्चीवर विराजमान जाहल्या, आणि अकरा दहास वहिनीसाहेबांनी हळूच नाव घालून पाहिले तो पडद्यावर उत्तर आले, ऐसे स्थळ अस्तित्वात नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच.

पंढरीनाथराव खाली वाकून पुसते जाहले, "काय झालं मॅडम? बटण दाबलं की यायला पाहिजे ना?"

मंडळाच्या खजिनदारांची मसलत पडली की संगणकाचे तोंड दक्षिणेस आहे. ते पूर्वेस वळविले, गुण आला नाही. मग वहिनीसाहेबांनी पिंग नामे हलकारा धाडिला, तो ठिकाण ठाऊक नाही म्हणून हात हलवीत परतला. मग हुइज नामे कारकुनाकडून मालकीचा कागद काढविला, तो मंडळाच्याच नावे निघाला. मग पुण्यास बंधू नीरज यांस फोन लाविला.

"ताई, दिसतंय की झक्कास! वर ते सनईचं चित्र तूच टाकलंस का?"

पुण्यास दिसते आणि भाईंदरास दिसत नाही, हे ऐकून वहिनीसाहेबांनी एनएसलुकअप नामे निष्णात जासूद बाहेर काढिला. त्याने परमुलखीच्या दफ्तरदारास नाव पुसले, त्याने तात्काळ अंक सांगितले. मग ज्याच्या तारेवर अवघे भाईंदर इंटरनेट पाहते त्या केबलवाल्या लवूच्या दफ्तरदारास पुसले, तो म्हणाला, नाही. फितुरी घरातच निघाली. तेव्हा अकरा सत्तावीस जाहले होते.

हा लवू जवळच्याच तारोडी गावचा, त्याचे ठाणे सभागृहाशेजारच्या इमारतीच्या गच्चीवर. फोनवर तो म्हणाला, "ताई, माझ्या सर्व्हरला काय झालेला न्हाय. सगला चालू हाय."

वहिनीसाहेबांनी त्यास उलगडून सांगितले की, नोंद होण्याआधीच कोणी हे नाव पुसले, तेव्हा तुझ्या दफ्तरदाराने नाही हे उत्तर टिपून ठेविले, आणि आता दिवसभर तो पुन्हा चौकशी न करता तेच घोकणार. सबब त्याची याददाश्त पुसून त्यास नव्याने उभा करावा.

"आज संडे हाय ताई. सगले चॅटिंगला बसलेत, शिव्या देतील मला."

"लवूदादा, दोन मिनिटं बंद कर रे. नाहीतर मंगळवारपासून मी परत फोर्टला. पाया पडते तुझ्या."

लवू विरघळला. अवघ्या भाईंदर पूर्वेचे चॅटिंग मध्येच तुटले, गच्चीखाली आरडाओरडा जाहला, आणि अकरा एकोणचाळीसास तोच दफ्तरदार निमूट अंक सांगू लागला. अकरा चाळीसास पंढरीनाथरावांनी दस्तुरखुद्द बटण दाबिले, संकेतस्थळ उघडले, टाळ्यांचा कडकडाट जाहला, आणि वहिनीसाहेबांनी लवूस समोसा खावयास बोलाविले.

मग लवू समोसा खावयास आला तो नोंदींचा कागद घेऊनच. "ताई, सकाली पावणेसहापास्ना बारा वेला इचारलाय. तुमच्याच घरच्या लायनीवरना."

घरी संगणक चालविणारे दोघेच, वहिनीसाहेब आणि त्यांनीच शिकविलेल्या सासूबाई. वहिनीसाहेबांनी मान वळविली. विमलाबाईसाहेबांनी पदर सारखा केला.

"शेजारच्या आशाला दाखवायचं होतं गं, आमच्या सुनेने केलंय म्हणून. मेलं दर वेळी नाहीच म्हणे. मला वाटलं, पोरीचं काही चुकलं की काय. तुला विचारायचा धीर नाही झाला."

वहिनीसाहेबांस हसावे की रडावे कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केले.

येणेप्रमाणे अक्षय्य तृतीयेस नाव सुटले, मुहूर्त साधला, भाईंदर फत्ते जाहले. मोहिमेत हानी, खंडित चॅटिंग तेवढी. मंगळवारी साडेनऊस फोर्टाकडे कोणी गेले नाही. विमलाबाईसाहेबांनी स्वहस्ते चहा करून संगणकाशेजारी ठेविला आणि पुसिले की, पुढले काम कोणाचे आहे, आणि ते दिसू लागले म्हणजे आपणांस आधी सांगावे, आपण आधी बघणार नाही. हे कलम शपथपूर्वक रुजू केले असे.