मानाच्या तीन प्रती

“बाराच्या ठोक्याला डिस्क तुझ्या हातात,” असे काळूराम म्हात्रे यांनी सकाळी नऊ वाजता आपल्या लेकीला सांगितले, तेव्हा त्यांच्या स्वरात शंकेला शिरायला फटसुद्धा नव्हती. थळच्या त्या घरात संगणक एकच होता, आणि त्याच्या बाबतीत अखेरचा शब्द काळूरामांचा असे. पहिला आणि मधलाही त्यांचाच असे.

कल्पिताच्या हळदीचे आणि लग्नाचे सगळे चित्रण त्या संगणकात होते. दुपारी तीनला ती नवऱ्याबरोबर, दीपेशबरोबर, मांडव्याच्या बोटीसाठी निघणार होती आणि तिथून पुढे विमानाने मस्कतला. दोन वर्षे येणे नाही. हळदीला तिच्या आईने, सगुणाबाईंनी, म्हटलेले धवले, ती लग्नातली पारंपरिक गाणी, तिला सोबत हवे होते. बाकी बॅगेत काय राहिले याची तिला फिकीर नव्हती.

अडचण एवढीच, की निरोपाला आलेले नामामामा आणि केसरआत्या हेही आपापली डिस्क घेऊन आले होते. मामांची प्रत आधी केली तर आत्या रुसणार. आत्यांची आधी केली तर मामा न जेवता उठणार. आणि लेकीची आधी केली, तर यजमानांनी स्वतःचे पान आधी वाढून घेतले असे दोघेही गावभर सांगणार. लग्नात मानाच्या नारळावरून काय झाले, ते काळूराम विसरले नव्हते. त्यांनी तिन्ही डिस्क जोडल्या आणि तिन्ही प्रती एकाच वेळी सुरू केल्या.

“कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.”

“दाजी, असा न्याय कोर्टात पन न्हाय,” नामामामा म्हणाले.

बारा वाजता नव्वद जीबींपैकी तीस गेले होते आणि ‘सहा तास शिल्लक’ असे पडद्यावर दिसत होते. काळूरामांनी शास्त्रशुद्ध शोध आरंभला. प्रथम खाऱ्या हवेवर आरोप ठेवून खिडक्या लावल्या. मग उष्णतेवर ठेवून टेबलपंखा संगणकाकडे वळवला; माणसे घामाने निथळू लागली. मोबाइलच्या लहरी आड येत असाव्यात म्हणून सर्वांचे फोन अंगणातल्या तुळशीपाशी नेऊन ठेवले. वेग तसूभर हलला नाही.

“आता बायको ऱ्हायली, मनाच घराभाईर ठेवा,” सगुणाबाई पंख्याकडे पाहत म्हणाल्या. “बघा, वेग येतो का.”

दीड वाजता दीपेश हात पुसत आत आला. नवा जावई म्हणून तो सकाळपासून बोलला नव्हता.

“पपा, तिन्ही एकदम लावल्यात?”

“न्यायाने लावल्यात.”

“तिथंच अडलंय. आतली डिस्क जुनी आहे. एकटा वाढपी समजा. तीन पंगतींनी एकदम हाका मारल्या, तर त्याचं वाढणं कमी आणि धावणंच जास्त. दोन थांबवा, वीस मिनिटांत कल्पिताची होते.”

काळूरामांनी कर्तव्य म्हणून दहा मिनिटे वाद घातला. मग त्यांना पटले. पण दोन कोणाच्या?

“आमची थांबवा, दाजी,” मामा तत्परतेने म्हणाले. “बहीन दिली तवाच आमचा हक्क सरला.”

“न्हाय, माझीच काढ, दादा,” आत्यांनी पदर सावरला. “सासरी गेलेली मी. या घरात मना कोन धरतंय?”

दीपेशने माऊसकडे हात नेला. या बोलण्यात होकार नाही हे कळायला तो फार नवा होता. काळूरामांनी त्याचा हात वरच्या वर धरला.

“मग माझी थांबवा, पपा,” कल्पिता म्हणाली. “यांच्या तरी होतील.”

“तुझी कशी थांबवू? तुझ्यासाठीच तर हे सगळं चाललंय.”

तिन्ही प्रती तशाच चालू राहिल्या, आणि पावणेतीनला गाडी दारात आली.

कल्पिता संगणकापाशी येऊन वडिलांच्या पाया पडली. “जेटीवर येताय ना?”

“तू हो पुढे. इथे कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. वीज गेली म्हणजे?”

“माझी किती राहिली?”

“तिघांची सारखीच,” काळूराम अभिमानाने म्हणाले.

तिने डोळे पुसले आणि ती निघाली. सगुणाबाई, मामा, आत्या सारेच गाडीत चढले.

“आमच्या डिस्कची घाई न्हाय, दाजी,” मामा काच खाली करून म्हणाले. “गनपतीत नेईन.”

“मना तर ती टीव्हीला लावतासुद्धा येत न्हाय,” आत्यांनी पुस्ती जोडली.

संध्याकाळी पावणेसहाला तिन्ही प्रती एकाच मिनिटात पूर्ण झाल्या. हे कोणाला तरी सांगायलाच हवे होते. काळूरामांनी लेकीला फोन लावला.

“पपा, आईनं गाडीतच धवला म्हटला,” ती म्हणाली. “मी मोबाइलवर घेतला. मामा रडले, आत्या रडल्या, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. तुम्ही हवे होतात.”

काळूरामांनी तिच्यासाठीची डिस्क काढून हातात घेतली.

“किती एमबीचा झाला?” त्यांनी शेवटी विचारले.