दहाचा शून्यावा घात

गणितात माझी चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, हे मी लातूरच्या माझ्या क्लासमध्ये दरवर्षी जूनमध्ये पहिल्याच तासाला सांगतो. पत्र्याच्या शेडमध्ये दीडशे पोरं मांडीला मांडी लावून बसलेली असतात, ती माना डोलावतात. पुस्तकाच्या मागचं उत्तर आणि माझं उत्तर असं बावीस वर्षांत चार वेळा जुळलं नाही. चारही वेळा पुस्तक चुकलं होतं. एवढं सांगून मी फळ्याकडे वळतो. मी निलंगा सोडून लातूरला का आलो, हे मात्र सांगत नाही. ते तुम्हाला सांगतो.

त्र्याण्णव साली मी निलंग्याच्या शाळेत नववी-दहावीला बीजगणित शिकवत होतो. भूकंप झाला त्याच्या आदल्या आठवड्यात घातांकाचा धडा संपवला होता. शून्य सोडून कोणत्याही संख्येचा शून्यावा घात एक येतो, हे पोरांना काही केल्या पटत नव्हतं. मग तीस सप्टेंबरची पहाट आली आणि शाळाच बंद झाली. औशाकडून रोज ट्रक येत होते, त्यांत काय असायचं ते लिहवत नाही. आमच्याकडे घरं उभी होती, पण भिंतींना भेगा गेल्या होत्या. माणसं रस्त्यावर ताडपत्र्या बांधून राहत होती. पुन्हा हादरा बसला की सगळी गल्ली एकदम उठून बसायची.

भेगा मोजायला इंजिनिअर कमी पडले, तेव्हा तहसीलमधून शिक्षकांना बोलावणं आलं. मला आमची गल्ली मिळाली, एकेचाळीस घरं. हाती दिलेल्या कागदावर एवढंच होतं: घरमालकाचं नाव आणि सर्वांत रुंद भेग, मिलिमीटरमध्ये. दहाच्या आत असेल तर डागडुजी, दहाच्या वर गेली तर घर पाडायचं.

माझ्या जोडीला विज्ञानाच्या बुद्धप्रिया मॅडम होत्या. त्यांनी फूटपट्टी आणली होती. मी प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर काढून आणला, कारण फूटपट्टीनं भेग मोजणं म्हणजे तागडीत सोनं तोलण्यासारखं. गल्लीतली माणसं ते चकचकीत यंत्र भेगेत शिरताना श्वास रोखून बघायची. एका म्हातारबानं तर भिंतीला ताप किती आहे म्हणून विचारलं.

सुरुवात मी स्वतःच्या घरापासून केली. आधी आपलं माप द्यावं, मग दुसऱ्याचं घ्यावं, असं माझं तत्त्व. विटांचं तीन खोल्यांचं घर, प्रत्येक कोपरा मी स्वतः गुण्या लावून तपासून घेतलेला. भेग दोन मिलिमीटर. यादीत मी लिहिलं: अनुक्रमांक एक, राघवेंद्र निटूरकर, २.० × १०⁰.

मॅडम म्हणाल्या, "सर, नुसतं दोन लिहा ना. तिकडे वाचणारा कोण असेल, आपल्याला काय माहीत?"

मी त्यांना तिथेच, रस्त्यावर उभं राहून, दहा मिनिटं समजावलं. नुसतं दोन म्हणजे दीड ते अडीच काहीही असू शकतं. दोन पूर्णांक शून्य म्हटलं की एक दशांशापर्यंतची हमी आली. आणि शास्त्रीय मापन दहाच्या घातात लिहायची रीत आहे, ती मोडायची तर शिकवतो कशाला? मॅडमनी फूटपट्टी पिशवीत घातली.

सहाव्या घरात धुरपताबाई राहायच्या. एकट्या. माळवदाचं, जड मातीच्या छताचं जुनं घर. त्यांची एकुलती लेक पंचफुला औशाकडच्या एका गावात दिली होती, ती भूकंपात दोन लेकरांसह गेली. आख्खी गल्ली ताडपत्रीखाली झोपायची आणि ही बाई माळवदाखाली. चौकटीवर पंचफुलानं शाळेत असताना कोळशानं काढलेली स्वतःच्या उंचीची रेघ होती, तिच्याकडे पाठ करून त्या उंबऱ्यावर बसलेल्या असायच्या. त्यांच्या घराची भेग चार मिलिमीटर निघाली. डागडुजीनं भागेल, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मी लिहिलं, ४.० × १०⁰.

गल्लीत खरोखर पाडण्यासारखं घर एकच होतं, नागप्पाचं. त्याच्या भिंतीत बोट सहज जात होतं. पंचवीस मिलिमीटर, म्हणजे २.५ × १०¹. तो आधीच बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला निघून गेला होता.

यादी सुवाच्य अक्षरात उतरवली, खाली सही केली, तहसीलमध्ये नेऊन दिली आणि मोठ्या समाधानानं घरी आलो.

पंधरा दिवसांनी शिपाई येऊन गल्लीतल्या सगळ्या घरांवर कागद चिकटवून गेला. एकेचाळीसच्या एकेचाळीस घरं धोकादायक, आठ दिवसांत रिकामी करा, पाडण्यात येतील. माझ्या दारावरचा कागद माझ्या बायकोनं, इंदूनं वाचला. तिनं आत जाऊन चारही भिंती नीट पाहिल्या आणि बाहेर येऊन मला विचारलं, "अहो, आपल्या भिंतीला वीतभर भेग पडलीय म्हणे. मला कशी दिसत नाही?"

कागदावर २०० मि.मी. लिहिलं होतं. धुरपताबाईंच्या दारावर ४००. म्हणजे भिंतीतून शेळी आरपार जाईल एवढी. नागप्पाचं एकट्याचं घर २५२.५ वर थांबलं होतं. ज्याच्या घरात जायला माणूस भीत होता, त्याचं घर सरकारी हिशेबानं धुरपताबाईंच्या घरापेक्षा बरं होतं.

गल्ली माझ्या अंगणात जमली. कुणी आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. एवढं चकचकीत यंत्र घेऊन मोजलं आणि असं कसं झालं, एवढंच विचारत होते. धुरपताबाई सगळ्यांत मागे होत्या.

"मास्तर, लेक गेली ती गेली," त्या म्हणाल्या. "आता घर बी न्हेता का? घात केला तुम्ही."

शब्द अगदी बरोबर होता.

तसाच तहसीलमध्ये गेलो. टायपिंग करणारे गुरुपादप्पा सज्जन माणूस. त्यांनी माझा मूळ कागद काढला, शेजारी टाइप केलेला ठेवला आणि एकेक ओळ बोटानं दाखवली. माझं २.० × १०⁰ त्यांनी २.० × १०० असं टाइप केलं होतं.

"सर, आमच्या मशीनला वरचा बारका आकडा येत न्हाई," ते म्हणाले. "म्हणून मी त्याला खाली घेतलं. एक बी आकडा गाळला न्हाई बगा."

खरंच गाळला नव्हता. नागप्पाच्या दहावरचा बारका '१'सुद्धा त्यांनी इमानानं खाली आणून बसवला होता, त्याचे एकशेएक झाले होते. लातूरच्या ऑफिसात कुणीतरी तितक्याच इमानानं सगळे गुणाकार करून टाकले होते.

मग अव्वल कारकुनांकडे गेलो. दहाचा शून्यावा घात म्हणजे शंभर नव्हे, हे त्यांना लगेच पटलं. मग तो शून्य असणार, असं ते म्हणाले. तसं असेल तर सगळ्या भेगा शून्य लावतो, कुणाला डागडुजीही नको, प्रश्न मिटला. मी घाईघाईनं त्यांच्याच टेबलावर पाठकोऱ्या कागदावर सिद्धता मांडली. संख्येला त्याच संख्येनं भागलं की एक येतो, घातांकांची वजाबाकी केली की शून्य येतो, म्हणून शून्यावा घात बरोबर एक. ते शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते.

"एक होतो, मान्य," ते म्हणाले. "पण त्याचा जीआर दाखवा."

जीआर नव्हता. बदल करायचा तर लातूरहून साहेबाचं पत्र आणा, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी लातूर गाठलं. साहेब चार तास भेटले नाहीत. भेटले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, महिनाभर ते घरी झोपले नव्हते, टेबलावर शेकडो गावांच्या याद्या पडल्या होत्या. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी एकदाच पाहिला.

"हा शून्य वर होता होय?" त्यांनी विचारलं, आणि डोळे मिटून घेतले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. एकेचाळीस घरांची खरी मापं, पाडकाम थांबवा, नागप्पाचं तेवढं पाडा. शिक्का मारून घेतला. पत्र खिशात घालून मी परतीच्या एसटीत बसलो, तेव्हा धुरपताबाईंना काय सांगायचं ते मनात घोळवत होतो. बऱ्याच दिवसांनी जरा हलकं वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी बुलडोझर उभा होता. त्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात जायचं होतं, म्हणून आठ दिवसांची वाट न पाहता काम सुरू केलं होतं. अनुक्रमांकानुसार. एक नंबरचं आटोपून ड्रायव्हर जेवायला बसला होता.

इंदू रस्त्यात ट्रंकेवर बसली होती. शेजारी भांडी, गाद्या, माझी पुस्तकं नीट रचलेली. सामान बाहेर काढायला गल्लीतली सगळी माणसं धावली होती, म्हणाली. घराच्या जागी विटांचा ढीग होता. त्यातला एक कोपरा अजून उभा होता, काटकोनात.

मी तिच्याजवळ खाली बसलो. तू त्यांना सांगितलं नाहीस का, असं विचारलं.

"सांगितलं की. तुम्ही पत्र आणायला गेलात म्हणून सांगितलं. अर्धा तास थांबले ते. चहा केला त्यांना. मग त्यांनी यादी दाखवली, खाली सही कुणाची म्हणून विचारलं." तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "सही तुमचीच होती. मी काय बोलणार?"

मी उठून ड्रायव्हरला पत्र दाखवलं. त्यानं ते वाचलं, डबा बंद केला आणि नागप्पाच्या घराकडे निघून गेला. बाकीची एकोणचाळीस घरं राहिली. आम्हाला धुरपताबाईंनी घरात घेतलं. आतल्या खोलीतला ज्वारीचा कणगा सरकवून त्यांनी जागा करून दिली. चार महिने आम्ही माळवदाखाली राहिलो. मला झोप लागत नसे, इंदूला लागायची. उन्हाळ्यात लातूरला आलो आणि क्लास काढला.

घर परत मिळावं म्हणून मी अर्ज केला होता. त्याचं उत्तर पावसाळ्यात आलं. दुरुस्त केलेल्या यादीनुसार आपल्या घरास केवळ २.० मि.मी. रुंदीची भेग असून घर पाडण्याचे कारण दिसत नाही, सबब डागडुजीसाठी सिमेंटच्या दोन गोण्या मंजूर करण्यात येत आहेत. साहेबांनी दशांश चिन्हसुद्धा जिथल्या तिथे ठेवलं होतं.

गोण्या आणायला निलंग्याला गेलो. त्या धुरपताबाईंच्या भिंतीला कामी आल्या. जाताना तहसीलमध्ये गुरुपादप्पांनी माझ्या घराचं काम पूर्ण झाल्याचा दाखला सहीसाठी पुढे केला. त्यात एक रकाना होता, दुरुस्तीनंतर उरलेली भेग. मी पेन हातात घेतलं. गुरुपादप्पा माझ्याकडे बघत नव्हते.

मी 'शून्य' लिहिलं. अक्षरी.